तीनशे जणांची बैठक आणि लाखांचा बाजार

प्रश्न थोडक्यात असा आला आहे. जळगाव जिल्ह्यात चोपड्याकडच्या एका तरुण केळी उत्पादकाने आपल्या पंचक्रोशीतल्या तीनशेएक शेतकऱ्यांसाठी चर्चेची स्वतंत्र वेबसाइट सुरू केली. सहा महिने झाले. फेसबुकवरच्या शेतीच्या ग्रुपांत लाखांनी माणसं, व्हॉट्सअॅप प्रत्येकाच्या खिशात, आणि ह्यांच्याकडे दिवसाला दोन-तीन प्रश्न. "एवढ्या मोठ्यांपुढे आपला निभाव लागेल का, की आत्ताच गाशा गुंडाळू?" असं ते विचारतात.

भाऊ, आधी माझी ओळख सांगतो, म्हणजे माझं किती ऐकायचं ते तुम्हीच ठरवाल. यावल तालुक्यात पाच एकर केळी आणि भुसावळला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान, असा माझा दुहेरी संसार आहे. केळीवाल्यांची चर्चा चालवायची हौस ऑर्कुटच्या काळापासूनची. ऑर्कुट गेलं, फेसबुकवर गेलो. तिथून व्हॉट्सअॅपवर. आणि गेली काही वर्षं स्वतः भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवर. चार घरं झाली, त्यातली दोन नाइलाजाने सोडली.

आकड्यांचं आधी उरकून टाकतो. तुम्ही आकड्यात कधीच बरोबरी करू शकणार नाही. ज्या कामाला गर्दी लागते ते काम मोठ्यांकडेच होणार. बुऱ्हाणपूरला आज लिलावात काय भाव फुटला, रावेरला काय जाहीर झाला, उद्या कटाईला कोणाचा ट्रक येतोय, ह्याला माणसं जितकी जास्त तितकं बरं. तिथे येणारा प्रत्येक नवा माणूस आधीच्या सगळ्यांच्या उपयोगाचा असतो, म्हणून मोठा आणखी मोठा होत जातो. आम्हीही एकदा 'खरेदी-विक्री' असा विभाग काढला होता. तीन महिने तिथे एका जुन्या ट्रॉलीची जाहिरात एकटीच उभी होती. शेवटी ती ट्रॉली गेली ती व्हॉट्सअॅपवरूनच.

मोठ्याच्या शेजारी तसंच दुकान थाटून बसणाऱ्यांचं काय होतं, हे आपल्या डोळ्यांसमोर घडलंय. गूगलकडे पैशाला तोटा नव्हता, तरी २०११ मध्ये फेसबुकसारखं म्हणून आलेलं गूगल प्लस २०१९ च्या एप्रिलमध्ये सामान्य वापरकर्त्यांसाठी बंद झालं. ट्विटरसारखं आपल्याकडचं कू नावाचं अॅप २०२० मध्ये आलं, मराठीतही होतं, मंत्री-संत्री सगळे तिथे होते, आणि २०२४ च्या जुलैमध्ये त्यालाही टाळं लागलं. कू वाईट होतं असं मी म्हणत नाही. पण ट्विटरवर जे करता येतं तेच तिथे करायचं, आणि माणसं मात्र कमी. मग कोण थांबेल?

आता ह्याच्या उलटं बघा. मायबोली ही मराठी चर्चेची साइट १९९६ पासून चालू आहे. तेव्हा गूगलचाही जन्म व्हायचा होता, फेसबुक तर आठ वर्षं दूर होतं. मिसळपाव ही तशीच दुसरी साइट २००७ ची. ह्यांनी फेसबुकला हरवलं का? नाही. फेसबुकने ह्यांना संपवलं का? तेही नाही. माझ्या घरातलं उदाहरण देतो. बायको दिवसभर फेसबुक बघते, पण एखाद्या पदार्थाचं प्रमाण अडलं की मायबोलीवरचा जुना धागा उघडते, कारण पाककृतीखाली पंधरा जणींनी 'मी असं केलं, तसं बिघडलं' हे लिहून ठेवलेलं असतं.

म्हणून मी बाजार आणि बैठक असे दोन वेगळे हिशेब धरतो. आपल्याकडे थंडीत शेतावर भरताची पार्टी होते, ती आठवा. बामणोदची वांगी, कपाशीच्या काड्यांचा जाळ, कांद्याची पात, कळण्याची भाकरी. माणसं किती? पंधरा, वीस, फार तर तीस. पाचशे बोलावले तर ती पार्टी राहत नाही, पंगत होते. जेवून माणूस हात धुतो आणि निघतो. बैठकीत मात्र "मी ठिबकमधून अमुक खत अमुक दिवशी सोडलं" असं कोणी म्हणालं की ऐकणाऱ्याला त्याची बाग कुठे आहे ते माहीत असतं. येता-जाता दिसते. थाप मारून तो जाईल कुठे? मोठ्या ठिकाणी सल्ला देणाऱ्याचं काही जात नाही. लहान ठिकाणी त्याची पत जाते, आणि लहान जागेकडे असलेलं खरं भांडवल हेच आहे.

एक प्रसंग जरा सविस्तर सांगतो, कारण माझं सगळं म्हणणं त्यात आलंय.

२०२० च्या पावसाळ्यात रावेर-यावल पट्ट्यात केळीवर सीएमव्ही आला. कुकुंबर मोझॅक व्हायरस, आपल्याकडे ज्याला हरण्या म्हणतात तो. दिवस ढगाळ, पाऊस रेंगाळलेला. नव्या मृगबागेत, म्हणजे जून-जुलैच्या लागवडीत, पानांवर पिवळे पट्टे दिसायला लागले आणि काही झाडांचा पोंगा, म्हणजे मधलं गुंडाळलेलं नवं पान, सडायला लागला. आमच्यातल्या एका पोराने त्याच रात्री तोच फोटो दोन ठिकाणी टाकला: एका प्रचंड मोठ्या ग्रुपवर आणि आमच्या साइटवर. मोठ्या ग्रुपवर सकाळपर्यंत दोनशेच्या वर प्रतिक्रिया. झिंक कमी आहे. मॅग्नेशियम द्या. पाणी जास्त झालंय. आमच्याकडेही असंच आहे. 'जय जवान जय किसान'. आणि मधूनमधून कुठल्या कुठल्या कंपन्यांची माणसं, "भाऊ, इनबॉक्समध्ये या, खात्रीचं औषध आहे." त्यांतल्या एकाचं औषध पोराने मागवलंही. किती गेले ते त्याने मला सांगितलं नाही, म्हणजे बरेच गेले असणार.

आमच्याकडे रात्री चार उत्तरं आली. त्यातलं एक सावद्याकडच्या एका तात्यांचं. त्यांनी सल्ला दिलाच नाही, आधी उलट प्रश्न विचारले. रोपं किती दिवसांची? बांधाला काकडी, भोपळा, मिरची काही आहे का? गवत किती वाढलंय? पानाच्या मागे मावा दिसतो का? पोरगं सकाळी बागेत जाऊन बघून आलं. शेजारच्या वावरात गिलकी, म्हणजे काकडीच्याच कुळातली घोसाळी, होती, बांधावर तण गुडघ्याएवढं. मग तात्यांनी लिहिलं: औषध नाही ह्याला. रोगट झाड मुळासकट काढ, लांब नेऊन गाड किंवा जाळ, बांध स्वच्छ कर, रोग पसरवणाऱ्या माव्यासाठी फवारणी घे, आणि आठ दिवसांनी परत प्रत्येक ओळ फिर. जळगावच्या केळी संशोधन केंद्राची माणसंही पुढे हेच सांगत होती. पोराने झाडं उपटली. रडत उपटली. टिश्यू कल्चरच्या महागड्या रोपाचा एकेक रुपया आठवत उपटली. पण बाकीची बाग वाचली.

इथपर्यंत तुम्ही म्हणाल, एक शहाणा माणूस भेटला, नशीब. खरी गोष्ट पुढच्या वर्षीची आहे. पुन्हा तेच ढगाळ दिवस, पुन्हा तसेच फोटो. ह्या वेळी फैजपूरकडच्या एका नव्या सभासदाने प्रश्न टाकण्याआधी 'हरण्या' असा शब्द टाकून शोधलं, गेल्या वर्षीचा सगळा संवाद त्याला सापडला, आणि त्याखाली त्याने फक्त एवढंच विचारलं की उपटलेल्या जागी नवीन रोप कधी लावायचं. म्हणजे चर्चा पहिल्या पायरीवरून सुरू न होता पाचव्या पायरीवरून सुरू झाली. मोठ्या ग्रुपवर त्या दिवशी पुन्हा झिंक, पुन्हा मॅग्नेशियम. गेल्या वर्षीचे दोनशे अभिप्राय कुठे गेले, देव जाणे. तिथली रचनाच नवीन ते वर आणण्याची आहे. व्हॉट्सअॅपचं तर विचारूच नका. 'शुभ सकाळ'च्या फुलांखाली गाडलेलं ज्ञान उकरायला जेसीबी लागेल.

आता तुमच्या तीनशेच्या आकड्याकडे येतो. जेकब नील्सन नावाच्या अभ्यासकाने २००६ मध्ये एक ढोबळ हिशेब मांडला होता: ऑनलाइन जागेत शंभरातले नव्वद नुसते वाचतात, नऊ अधूनमधून बोलतात आणि एकच सतत लिहितो. तो नियम काटेकोर धरू नका, पण त्याने अपेक्षा जमिनीवर येतात. तीनशेचे तीन. दिवसाला दोन-तीन प्रश्न येतात म्हणून तुम्ही हिरमुसलाय, पण ह्या हिशेबाने तुमचं बरं चाललंय. तुमचं काम एवढंच की ते तीन कोण हे ओळखायचं आणि त्यांना जपायचं. आमच्या तात्यांना मराठी टाइप करता येत नव्हतं. त्यांच्या नातीने बोलून लिहिण्याची सोय लावून दिली, तेव्हापासून ते सुटलेत. त्यांच्या उत्तरात 'निसवण'चं (घड बाहेर पडण्याचं) 'निसरण' होतं, आम्ही गुपचूप दुरुस्त करतो.

आणि वाचणाऱ्या नव्वदांना फुकटे समजू नका. रात्रपाळीची लाईट असते तेव्हा रात्री दोन वाजता मोटार चालू करून बांधावर बसलेला माणूस काही लिहीत नाही, पण वाचतो. सकाळी तसं करतो.

माझ्या चुका सांगतो, त्या तुमच्या जास्त कामाच्या.

पहिली चूक, मी सुरुवातीलाच चौदा विभाग केले. केळी, कपाशी, हवामान, शासकीय योजना, आरोग्य, अहिराणी साहित्य, कशाकशाचे. बारा विभाग रिकामे. रिकाम्या विभागात पहिला माणूस बोलत नाही, जसं रिकाम्या हॉटेलात कोणी जेवायला शिरत नाही. मग सगळे मोडून दोनच ठेवले: 'बाग' आणि 'ओटा'. बागेत कामाचं, ओट्यावर बाकीचं. त्या आठवड्यातच चहलपहल वाढली, माणसं तेवढीच असताना. अहिराणी म्हणी आता ओट्यावरच रंगतात आणि त्यासाठी वेगळा विभाग कोणी मागत नाही.

दुसरी चूक मोठी. एकदा आमच्याबद्दल एका ठिकाणी चार ओळी छापून आल्या आणि दोन दिवसांत पाचशे जण आले. मी फुगलो. सगळ्यांना आत घेतलं. महिन्याभरात तात्यांसारखे तिघे गप्प झाले, कारण त्याच त्या प्रश्नांना उत्तर देऊन कंटाळले, आणि नव्यांतल्या एकाने तर त्यांनाच "तुम्ही कोण सांगणारे" असं सुनावलं. ही गोष्ट जगभर झालेली आहे. इंटरनेटच्या सुरुवातीच्या काळात यूजनेट नावाच्या चर्चागटांच्या जाळ्यावर दर सप्टेंबरला कॉलेजांत नवी पोरं यायची, थोडे दिवस गोंधळ घालायची, मग जुन्यांकडून रीत शिकायची. १९९३ नंतर घरोघरचं इंटरनेट आलं आणि नव्यांचा लोंढा थांबेचना. जुनी माणसं अजून त्याला 'न संपणारा सप्टेंबर' म्हणतात. अमेरिकेतली मेटाफिल्टर नावाची १९९९ ची एक जागा खातं उघडायला एकदाच पाच डॉलर घेते. पैशापेक्षा उंबरठा म्हणून. आम्ही पैसे घेत नाही, पण नव्या माणसाला आधी स्वतःच्या बागेची माहिती लिहावी लागते: गाव, कांदेबाग (सप्टेंबर-ऑक्टोबरची लागवड) की मृगबाग, लागवडीचा महिना, पाण्याची सोय. दहा मिनिटांचं काम आहे. ज्याला तेवढंही नको असतं तो परत जातो, आणि औषध विकणारे तर जातातच.

ह्याचा एक जास्तीचा फायदा झाला. प्रत्येक प्रश्नासोबत बागेचं वय आपोआप दिसतं. तुम्हाला माहीतच आहे, चार महिन्यांच्या बागेचा आणि घड बाहेर पडलेल्या बागेचा सल्ला एक नसतो.

शोधण्याबद्दल एक तांत्रिक सूचना, जी मला फार उशिरा कळली. आपली माणसं मराठी तीन तऱ्हांनी लिहितात: देवनागरीत, रोमन अक्षरांत, आणि बोलून. एकाच रोगाची पाच स्पेलिंगं होतात आणि शोधणाऱ्याला एकही सापडत नाही. म्हणून आठवड्यातून एकदा कोणीतरी बसून नव्या प्रश्नांची शीर्षकं सरळ करायची. 'मदत करा भो अर्जंट' ह्याचं 'कांदेबाग, ५ महिने, पानाच्या कडा करपल्या' असं करायचं. कंटाळवाणं काम आहे, पण तीन वर्षांनंतरचं सगळं मोल त्यात आहे. मोठ्यांकडे हे करायला कोणी नाही. लाख माणसं असूनही नाही.

तुम्ही विचारलं नाही, पण विचाराल म्हणून सांगतो. हल्ली पोरं थेट एआयला विचारतात. प्रोग्रॅमरांच्या स्टॅक ओव्हरफ्लो नावाच्या जगप्रसिद्ध प्रश्नोत्तरांच्या जागेला ह्याचा जबर फटका बसला. २०२२ अखेर चॅटजीपीटी आल्यानंतर तिथे येणारे नवे प्रश्न झपाट्याने घटले. म्हणजे मोठेही अमरपट्टा घेऊन आलेले नाहीत. आमच्याकडेही 'युरिया किती द्यावा' छापाचे प्रश्न कमी झाले, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. उरले ते प्रश्न असे: "कालच्या वादळात तापीकाठच्या बागा आडव्या झाल्या, कोणी टेकू लावून वाचवल्यात का?" ह्याचं उत्तर त्याच दिवशी, त्याच काठावर, ज्याची बाग आडवी झाली त्याच्याकडेच असतं.

घराच्या मालकीचा मुद्दा मात्र हलक्यात घेऊ नका. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं तेव्हा आमचा तिथला पसारा मी उचलून आणला नाही, आळस केला. फेसबुकवर आम्ही ग्रुप वाढवला आणि हळूहळू आमच्याच सभासदांना आमचेच प्रश्न दिसेनासे झाले, कारण कोणाला काय दाखवायचं ते आमच्या हातात नव्हतं. २०२३ च्या जूनमध्ये रेडिट नावाच्या चर्चेच्या मोठ्या साइटने बाहेरच्या अॅपांना जबर शुल्क लावलं तेव्हा तिथल्या हजारो चर्चागटांनी निषेध म्हणून दारं बंद केली. कंपनी बधली नाही. वर्षानुवर्षं फुकट राबलेल्या गटचालकांना तेव्हा कळलं की आपण भाडेकरूही नव्हतो. गंमत अशी की हेच रेडिट एके काळी लहान होतं. २०१० मध्ये त्याच्याहून मोठ्या डिग नावाच्या साइटने आपलं सगळं रूप बदललं, माणसं चिडली आणि रेडिटवर आली. मोठा घसरतो तेव्हा लहानाला संधी मिळते हे खरं, पण त्या दिवशी लहानाचं दार उघडं आणि घर झाडलेलं असावं लागतं. त्या दिवसाची वाट बघत मात्र बसू नका. तो येईलच असं नाही.

खर्चाचं फार मनावर घेऊ नका. डिस्कोर्स नावाचं चर्चेचं सॉफ्टवेअर २०१३ पासून फुकट उपलब्ध आहे आणि एक जीबी रॅमच्या भाड्याच्या सर्व्हरवरही चालतं. वर्षाचे काही हजार रुपये. आम्ही वर्गणी काढतो, भरताच्या दिवशीच, पोट भरल्यावर. कायद्याचं एक लक्षात असू द्या: २०२१ च्या आयटी नियमांतल्या जड अटी पन्नास लाखांवर नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्यांना आहेत, पण तक्रार कोणाकडे करायची त्याचं नाव आणि संपर्क साइटवर दाखवणं, तक्रारीची पोच देणं आणि ठरलेल्या मुदतीत ती मिटवणं हे लहानांनाही लागू आहे. गावातल्या राजकारणावरून आमच्याकडे दोनदा तक्रारीची वेळ आली होती. तेव्हापासून निवडणुकीच्या महिन्यात ओटा बंद असतो. शिव्या मलाच पडतात.

फेसबुक सोडा असं मी म्हणणार नाही. माणसं तिथे आहेत तर तिथूनच बोलावून आणावी लागतील. आमची पद्धत अशी की कोणी व्हॉट्सअॅपवर प्रश्न विचारला तर तिथे उत्तर द्यायचं नाही, जुन्या चर्चेचा दुवा द्यायचा. सुरुवातीला लोकांना हा उद्धटपणा वाटला. एका आबांनी तर फोन करून विचारलं, "सरळ सांगायला काय पैसे पडतात का रे?" मग त्यांनी तो दुवा उघडला, अडीच तास वाचत बसले, आणि दुसऱ्या दिवशी स्वतः खाली लिहिलं की ह्यातलं अर्धं चूक आहे. ते अर्धं खरंच चूक होतं. आम्ही दुरुस्त केलं.

तर आत्ता गाशा गुंडाळू नका. निदान दोन कांदेबागा आणि दोन मृगबागा बघा, म्हणजे दोन वर्षं. त्यानंतरही नव्या माणसाला जुन्या चर्चेत उत्तर सापडत नसेल, प्रत्येक वेळी तुम्हालाच लिहावं लागत असेल, तर खुशाल बंद करा आणि जे साठलं असेल त्याची फाइल करून सगळ्यांना वाटा. लहान जागा बंद पडतात त्या मोठ्यांनी गिळल्या म्हणून क्वचितच. बहुतेक वेळा चालवणारा एकटा असतो आणि थकतो.

माझं तेच होता होता राहिलं. मागे ऑपरेशनसाठी तीन आठवडे दवाखान्यात होतो आणि नेमकी त्याच काळात डोमेनची, म्हणजे साइटच्या नावाची, मुदत संपली. साइट बंद. पासवर्ड फक्त माझ्याकडे, आणि मी भुलीच्या धुंदीत. सावद्याचे तात्या दवाखान्यात भेटायला आले ते मोसंब्या घेऊन, पण पहिला प्रश्न "तब्येत कशी" हा नव्हता, "आपलं ते कधी चालू होणार" हा होता. बायकोने मान डोलावली, म्हणजे तिलाही तेच विचारायचं होतं. आता पासवर्ड तिघांकडे आहे: माझ्याकडे, त्या हरण्यावाल्या पोराकडे आणि तात्यांच्या नातीकडे. मुदतीची तारीख दुकानातल्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहिलेली असते. तुमची कधी आहे ते आज बघून घ्या, आणि डिसेंबरात जमलं तर भरताला या. वांगी बामणोदचीच असतील.